अण्णांच्या प्रश्नाला मी हात जोडले



आजचं वाचन: गीता, अध्याय ४, श्लोक ३४.

भगवंत अर्जुनाला सांगतात, हे ज्ञान ज्यांनी स्वतः अनुभवलंय त्यांच्याकडे जा. गेल्यावर काय करायचं तेही सांगतात. नमस्कार कर, प्रश्न विचार, सेवा कर. मग ते तुला सांगतील.

हा श्लोक मी इथे आधी एकदा घेतला होता. तेव्हा सगळा भर पहिल्या शब्दावर दिला होता, 'प्रणिपात'. शरणागती, अहंकार सोडणं, पायाशी बसणं वगैरे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ते आवडलं होतं. मधला शब्द, 'परिप्रश्न', मी एका ओळीत उरकला होता. आज त्याच्यावर लिहायचंय, आणि त्यासाठी आधी एक कबुली द्यावी लागणार आहे. चार दिवस टाळत होते.

मी मूळची भूमची. धाराशिव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. पावसाचा भरवसा नाही, त्यामुळे शेतीचाही नाही. म्हणून दारात म्हशी आणि जागोजागी खव्याच्या भट्ट्या. कुंथलगिरीचा पेढा तुम्ही खाल्ला असेल, ते कुंथलगिरी आमच्याच तालुक्यातलं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या घरची अशीच एक भट्टी. तिच्या वडिलांना आम्ही सगळ्याच अण्णा म्हणायचो. शाळा सुटली की आम्ही भट्टीवर जाऊन बसायचो, आणि कढईच्या काठाला चिकटलेली खरवड अण्णा आमच्या तळहातावर ठेवायचे. गरम असायची. आम्ही या हातातून त्या हातात उडवत खायचो.

मी शिकायला पुण्याला आले आणि इथलीच झाले. दोन वर्षांपूर्वी ही रोजची चिंतनं सुरू केली तेव्हा ओळखीच्या सगळ्यांना सकाळी व्हॉट्सॲपवर पाठवू लागले. त्या यादीत अण्णाही होते. त्यांना बारीक अक्षर वाचवत नसे, घरातलं कुणीतरी वाचून दाखवायचं.

मागच्या माघात मी संत गोरोबाकाकांवर लिहिलं. तेर आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे जरा हक्कानं लिहिलं. गोष्ट तुम्हाला माहीत आहे. गोरोबा पायानं चिखल तुडवतायत, मुखात विठ्ठलाचं नाम. बायको पाण्याला गेलेली. रांगतं लेकरू चिखलात येतं आणि नामाच्या तंद्रीत त्यांना ते कळतच नाही. लेकरू पायाखाली जातं. पुढे नामदेवांच्या कीर्तनात देव ते लेकरू परत देतो. मी तंद्रीबद्दल लिहिलं होतं. इतकं एकरूप होता आलं पाहिजे, असं काहीतरी. शेवट गोड केला होता.

त्या दिवशी दुपारी अण्णांचा आवाजी निरोप आला. चौतीस सेकंदांचा. "बाळ, छान लिहितीस गं. पण एक इचारू का? देवानं लेकरू माघारी दिलं, ते बरंच झालं. पण ते नंतर. ज्या दिवशी झालं त्या दिवशी रात्री त्या माउलीनं काय केलं असंल? तिची समजूत कुणी काढली? तू लिहिलं न्हाईस. सवड झाली की फोन कर."

मी मीटिंगमध्ये होते. ऐकलं, आणि हात जोडलेलं ते पिवळं चित्र पाठवून दिलं.

फोन केला नाही. टाळला असंही नाही, राहून गेला. दुसऱ्या दिवशीचं चिंतन लिहायचं होतं, मग त्याच्या पुढच्या दिवशीचं. दीड महिन्यानं अण्णा गेले. मला शाळेच्या ग्रुपवर कळलं. त्या आठवड्यात ऑफिसात कामाची घाई होती, मी गेले नाही. ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं, आणि मैत्रिणीला वेगळा, जरा मोठा मेसेज केला. आत्म्याच्या अमरत्वाबद्दल. आता लिहितानाही लाज वाटते.

तेराव्यानंतर तिचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही. म्हणाली, "अण्णांनी तुला प्रश्न विचारला होता. तू हात जोडलेस."

मला काही सुचेना. ती पुढे म्हणाली, "ते रोज विचारायचे, फोन आला का तिचा. मी म्हणायचे, कामात असंल. लोकांना एवढं सगळं सांगतीस, एका म्हाताऱ्या माणसाला दोन मिनिटं द्यायला तुला जमलं न्हाई."

मंडळी, खरं सांगते, मला त्या क्षणी पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. राग आला. आणि रागात माणूस दुसऱ्याचं दुखरं ठिकाण बरोबर शोधतो. लग्नाच्या कारणावरून तिचं आणि अण्णांचं वर्षभर बोलणं बंद होतं, ते मला माहीत होतं. मी म्हणाले, "तू कोण मला सांगणार? तू तर वर्षभर त्यांच्याशी बोलत नव्हतीस."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणून तर मला कळतं." आणि फोन ठेवला.

गोरोबाकाकांची दुसरी गोष्ट इथे येते. संतमंडळी तेरला त्यांच्या घरी जमलेली असतात. निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर, मुक्ताबाई, नामदेव. मुक्ताबाईचं लक्ष कोपऱ्यातल्या थापटण्याकडे जातं. हे काय? गोरोबा म्हणतात, याने मडकं वाजवून कच्चं की पक्कं ते कळतं. मग आमचीही परीक्षा करा, असं ठरतं. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. बाकीचे शांत बसतात. नामदेव मात्र चिडतात, दुखावतात. आणि गोरोबा सांगून टाकतात, हे मडकं कच्चं.

आपण ही गोष्ट बहुतेक वेळा गोरोबांच्या बाजूने ऐकतो. एकदा नामदेवांच्या बाजूने ऐकून बघा. त्या घरात बसलेल्यांपैकी ज्याच्याशी पांडुरंग प्रत्यक्ष बोलतो, ज्याच्या हातचा नैवेद्य खातो असं सगळ्यांना ठाऊक आहे, तो हा. त्याला कच्चा कोण म्हणतंय? ज्याच्या पायाखाली स्वतःचं लेकरू गेलं तो माणूस. नामदेवांच्या मनात तेव्हा काय आलं असेल ते मला सांगता येणार नाही. माझ्या मनात काय आलं असतं ते मात्र नक्की सांगते, कारण तेच मी फोनवर बोलले होते. तू कोण?

सांगणाऱ्याचा दोष दाखवला की सांगितलेलं खोटं ठरतं, हा आपल्या काळातला फार आवडता न्याय आहे. कुणी काही बोललं की आधी त्याचा जुना स्क्रीनशॉट शोधायचा. सापडला की विषय संपला. पण खोलीतलं कच्चेपण ओळखायचा अधिकार गोरोबांना कुठून आला असेल? थापटणं घरात होतं म्हणून? मला वाटतं, आपली एकरूपता किती महाग पडू शकते हे त्यांच्याइतकं त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या मैत्रिणीचंही तेच. न बोललेलं वर्ष परत मिळत नाही, हे तिला माहीत होतं. मला अजून व्हायचं होतं.

तरीही एक प्रश्न उरतो आणि तो साधा नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय. बोलणं खरं असावं, प्रिय असावं, हिताचं असावं, आणि त्याने समोरच्याला उद्वेग होऊ नये (१७.१५). तिच्या बोलण्याने मला उद्वेग झाला, दोन रात्री झोप नव्हती. गोरोबांच्या थापटण्याने नामदेवांना झाला. मग हे बोलणं तपात बसतं का? काही जण लगेच ते प्रसिद्ध सुभाषित काढतील, अप्रिय सत्य बोलू नये म्हणून. ते मनुस्मृतीतलं आहे, आणि त्याच्याच पुढे प्रिय असलेलं असत्यही बोलू नये असं म्हटलंय. तेवढा भाग आपण सोयीने विसरतो. एकमेकांच्या फोटोखाली आणि लेखाखाली आपण दिवसभर दुसरं काय लिहीत असतो?

मला याचं उत्तर खुद्द भगवंतांच्या वागण्यात दिसतं. ज्यांनी सतराव्या अध्यायात उद्वेग न देणारी वाणी सांगितली, तेच दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुनाला जवळजवळ षंढ म्हणतात. याहून बोचरं काय असतं? पण हे म्हणताना ते कुठे असतात? त्याच्याच रथावर, त्याच्याच घोड्यांचे लगाम हातात धरून. बोलून निघून जात नाहीत. पुढे तो कितीही विचारू दे, ते बसलेत. तिसऱ्या अध्यायात तो तक्रारही करतो की तुमच्या बोलण्याने माझा गोंधळच वाढलाय. ते चिडत नाहीत. शेवटी म्हणतात, सगळ्याचा नीट विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर (१८.६३). आणि त्यानंतर, हे मला फार उशिरा लक्षात आलं, ते उलट त्यालाच विचारतात: नीट ऐकलंस का? तुझा मोह गेला का? (१८.७२). सातशे श्लोक सांगून झाल्यावर देव भक्ताला प्रश्न विचारतो.

बोचरं बोलून पसार होणारे आपल्या फोनमध्ये शेकड्याने आहेत. बोचरं बोलून शेजारी थांबणारी माणसं मी मोजायला बसले तर एका हाताची बोटंही भरली नाहीत. तिने फोन ठेवला होता खरा, पण मला ब्लॉक केलं नव्हतं. माझं चिंतन रोज सकाळी तिकडे पोचत होतं आणि दोन निळ्या खुणा येत होत्या. ती वाचत होती. तिच्या जागी मी असते तर वाचलं असतं का, माहीत नाही.

नामदेवांचं पुढे काय झालं बघा. ते रुसून पंढरपूरला येतात आणि विठ्ठलाकडे तक्रार करतात. आपल्याला वाटतं, आता देव भक्ताची बाजू घेणार. देव म्हणतो, गोरोबा बरोबर बोलले. आणि स्वतः उपदेश करत नाही. विसोबा खेचरांकडे पाठवतो. औंढ्याला नामदेव जातात तर तिथे एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. नामदेव रागावतात. म्हातारा म्हणतो, जिथे देव नाही अशी जागा दाखव आणि माझे पाय तिकडे ठेव. पाय जिकडे ठेवावे तिकडे पिंडी. हे विसोबा पूर्वी कोण होते? ज्ञानेश्वर भावंडांना छळणाऱ्यांपैकी एक. म्हणजे इथेही पुन्हा ज्याच्या नावावर जुना स्क्रीनशॉट आहे असाच माणूस.

ज्याच्याशी देव रोज बोलत होता त्यालाही एका माणसाकडे जावं लागलं. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त हे अडतं. आपण शहरातली मुलंमुली उलट दिशेने निघालोय. माणसांनी थकवलंय, म्हणून देव. ऑफिसात कुणावर विश्वास नाही, घर लांब आहे, मित्रांना वेळ नाही, मग कानात हेडफोन आणि त्यात हरिपाठ. यात वाईट काही नाही, मीही लोकलसारख्या गच्च भरलेल्या पीएमपीत तेच करते. पण कानात हरिपाठ चालू असताना पायाशी कोण रांगत येतंय, ते मला तरी ऐकू आलं नाही. तंद्रीचं मी कौतुक लिहिलं होतं ना, ती माझीही लागली होती.

भूमला आलमप्रभूचं देवस्थान आहे, टेकडीवर. लहानपणी आम्ही यात्रेला जायचो. ते नाव ऐकलं की मला आता बाराव्या शतकातले, बसवकल्याणचे अल्लमप्रभू आठवतात. बसवण्णांच्या अनुभवमंटपात तेच अध्यक्षस्थानी असायचे. तिथे वेगवेगळ्या कामाधंद्यातली माणसं, बायकाही, एकमेकांना प्रश्न विचारायला बसत. अक्कमहादेवी आल्या तेव्हा अल्लमप्रभूंनी त्यांनाही सोपं जाऊ दिलं नाही, आणि त्यांनी उत्तरं दिली. प्रश्न हा तिथे आदराचाच एक प्रकार होता. 'परिप्रश्न'मधल्या 'परि'चा अर्थही असाच आहे: चहूबाजूंनी, पुरतं विचारणं. एकदा विचारून सोडून देणं नाही.

आणि आपण त्या तिन्हीतलं काय ठेवलंय? नमस्कार. तोही बोटाच्या एका टोकावर. हात जोडलेलं ते चित्र मी किती वेळा कशासाठी वापरते ते पाहिलं, तर बहुतेक वेळा 'बरं, आता पुरे' या अर्थाने. अण्णांनी परिप्रश्न केला आणि मी प्रणिपात करून दार लावून घेतलं.

एक आणखी सांगते, जरा विषय सोडून. त्या दोन रात्रींपैकी एका रात्री मी अण्णांचा प्रश्न फोनमधल्या एआयला टाकला. दोन सेकंदांत पाच मुद्द्यांचं उत्तर आलं. शोक, अपराधभाव, कुटुंबव्यवस्था, सगळं नीट मांडलेलं. त्यात चूक म्हणावं असं काही नव्हतं. पण अण्णांनी तो प्रश्न फोनला विचारला नव्हता. गावात देवळात कीर्तनकार येतात, त्यांनाही विचारला नव्हता. मला विचारला होता, आणि शेवटी म्हणाले होते, फोन कर.

ज्येष्ठात मी भूमला गेले. न कळवता. सकाळची वेळ, भट्टी पेटलेली. मैत्रीण कढईपाशी उभी होती, उलथणं फिरवत. माझ्याकडे बघितलं, पण हात थांबवला नाही. खव्याचं असंच असतं, शेवटच्या टप्प्यात हात थांबला की खाली लागतो, आणि पाच लिटर दुधाचा जो किलोभर खवा व्हायचा तो वाया जातो. मी जवळ जाऊन उभी राहिले. दुसरं उलथणं भिंतीला टेकवलेलं होतं. तिने मानेनंच दाखवलं. दहा मिनिटं आम्ही दोघी नुसत्या ढवळत होतो. घाम, धूर. माझे डोळे चुरचुरत होते आणि ते बरंच होतं.

कढई उतरवल्यावर मी तिला सांगितलं की अण्णांच्या प्रश्नावर मी विचार केलाय. 'भक्तविजय' पुन्हा काढून वाचला, महिपतींचा, १७६२ सालचा. त्यात त्या माउलीची समजूत काढायला कुणी येत नाही. ती नवऱ्याला बोल लावते. तो चिडून अंगावर धावतो तेव्हा ती त्याला विठ्ठलाचीच शपथ घालते, मला हात लावायचा नाही. आणि तो ती शपथ पाळतो, पुढे स्वतःचे हात तोडण्यापर्यंत. मला असं वाटतं, म्हणाले मी, की तेरच्या त्या बैठकीच्या कितीतरी आधी गोरोबांच्या डोक्यावर थापटणं पडलं होतं. ते त्या बाईनं मारलं होतं. त्यांच्याच देवाचं नाव घेऊन.

मैत्रीण ऐकत होती. म्हणाली, "अण्णांना पटलं असतं." मग जरा थांबून, "किंवा अजून एक प्रश्न काढला असता."

काकू उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "त्यांचा आवाज हाय का गं अजून तुझ्या फोनात?"

मी तो निरोप लावला. चौतीस सेकंद. काकूंनी फोन दोन्ही हातांत धरला होता, कानाला लावला नाही, समोर धरून त्याच्याकडे बघत होत्या. संपल्यावर परत लावायला सांगितला. मग फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मला न्हाई कधी इचारलं त्यांनी हे."

मी म्हणाले, "मग मी विचारते काकू. काय केलं असेल तिनं त्या रात्री?"

"काय करणार?" त्या उठल्या, पदर खोचला. "चूल पेटवली असंल. दुसरं कोण व्हतं पेटवायला?"

उद्या श्लोक ३५.